न वाजवलेला नारळ

शंका माझ्या स्वभावातच आहे आणि माझं पोटही शंकेवरच भरतं. भिलाईच्या कारखान्यात मी रेल्वेचे रूळ तपासतो. रूळ यंत्राखालून जातो, आत काही खुपलं की यंत्र त्या जागी रंगाचा ठिपका मारतं, आणि मग मी हातातलं यंत्र लावून तीच जागा पुन्हा बघतो. कितीतरी वेळा रूळ ठणठणीत निघतो, दोष वरच्या मळाचा असतो. वीस वर्षांत नुसत्या ठिपक्यावर मी एकही रूळ बाद केला नाही. पण ही शंका घरीही सोबत येते. दूधवाल्यापासून देवापर्यंत कोणावर म्हणून माझा भरवसा नाही. डोंगरगडला बमलाई देवीच्या दर्शनाला गेलो तरी कानाशी धरून वाजवल्याशिवाय नारळ घेत नाही. माझी बायको संध्या म्हणते, "देवी बी म्हणत असन, आला बापा इन्स्पेक्टर!"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. अडतिसाव्या वर्षी संध्याला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा वय बघून डॉक्टरबाईंनी आईच्या रक्तावरून बाळाची गुणसूत्रं तपासायची चाचणी सांगितली. रिपोर्ट आला तो एका ओळीचा. लिंग-गुणसूत्रांत कमी-जास्त असल्याची शंका, धोका जास्त. कमी की जास्त, नेमकं काय, ते कुठंच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तेवढं लिहिलं तर मुलगा की मुलगी ते कळून जाईल, आणि ते सांगायला कायद्यानं बंदी आहे. कायदा बरोबरच आहे हो. पण माझ्यासारख्याला अर्धवट ओळ वाचायला दिली की तो उरलेली अर्धी स्वतःच लिहितो, आणि वाईटच लिहितो.

त्यांनी हेही सांगितलं, की ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. या गुणसूत्रांच्या बाबतीत तर ती पुष्कळदा चुकते. सोळाव्या आठवड्यात गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासू, तेव्हा खरं कळेल, आणि खरं निघालं तरी अशी मुलं बहुतेक चांगली वाढतात. मी मान डोलावली. मनात मात्र म्हटलं, ही बाई इतकं समजावून राहिली म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी.

मग महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी लॅबवर संशय घेतला, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. मग डॉक्टरबाईंवर. आणि बाहेरचे सगळे संपले तेव्हा, लिहायला लाज वाटते, संध्यावर. सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती पोळ्या लाटत होती. मी दारात उभं राहून विचारलं, "तुह्या माहेरी कोणाले असं होतं काय? खरं सांग." ती म्हणाली, "बारा वर्सांनी आज आठवलं काय तुमाले?" तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी म्हटलं, "ते पाणी काढाचा तरास कावून घेते? सोडून देऊ हे लेकरू." तिनं लाटणं खाली ठेवलं. "तुमी सोडा. मी नाही सोडत." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

सुट्टीच्या दिवशी मी एकटाच डोंगरगडला गेलो. देवीला नमस्कार करायला नव्हे, जाब विचारायला. पायऱ्यांशी एक म्हातारी नारळ विकत बसली होती. सवयीनं मी एक वाजवला, ठेवला, दुसरा वाजवला, तिसरा. अजून किती वाजवणार, म्हणून ती छत्तीसगढीत वैतागली. "अउ कतेक बजाबे गा? नरियर आय, ढोलक नोहे!" कसं कोण जाणे, माझा बांधच फुटला. ओळख ना पाळख, त्या म्हातारीला मी अडखळत हिंदीत सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लहू काकर निकालिन?" रक्त कोणाचं काढलं? मी म्हटलं, बायकोचं. "त गलती लइका के आय, तेला कोन बताइस?" मग खोट लेकराची, हे कोणी सांगितलं? एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी तिथंच उभा राहिलो. दोष रुळात आहे की वरच्या मळात, हे आधी बघायचं, हा माझ्या कामाचा पहिला धडा. तो मी माझ्याच लेकराच्या वेळी विसरलो होतो.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "होऊ शकतं. त्या रक्तात बाळापेक्षा आईचाच अंश जास्त असतो. कधी आईच्याच काही पेशींत एक एक्स गुणसूत्र कमी असतं आणि बोट बाळाकडे जातं. बाळाच्या पाण्याबरोबर आईचंही रक्त तपासू." दोन्ही तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंत मी देवीला काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं.

बाळाची गुणसूत्रं बरोबर निघाली. संध्याच्या काही पेशींत एक एक्स कमी होता. जन्मापासून असेल, तब्येतीला काही नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. दवाखान्याबाहेरच्या बाकावर संध्यानं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घातली. "म्हंजे ठिपका माह्यावरच होता. आता काय करता, मले बाद करता?" ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. मी चारचौघांत रडलो. म्हटलं, "बारा वर्सं तुह्या संगं राहून राहिलो, मले कधी खोट दिसली नाही. माफ कर मले." ती म्हणाली, "माफ तं करन. पण त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तं?"



मुलगी झाली. आता दहा महिन्यांची आहे आणि बापावर गेली आहे, हातात दिलेला खाऊ उलटसुलट करून पाहिल्याशिवाय तोंडात घालत नाही. परवा तिला घेऊन आम्ही डोंगरगडला गेलो. म्हातारी तिथंच बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही, ती नारळ विकणारी बाई होती. पण त्या दिवशी तिच्या तोंडी तो सवाल कोणी घातला, याची शंका मी आता काढत नाही. जी कृपा झाली ती झाली. मी सवयीनं हात पुढे केला. संध्या माझ्याकडे बघत होती. मी म्हातारीला म्हटलं, "माई, कोई भी दे दो." तिनं दिला तो घेतला. देवीपुढे फोडला तर जरा खवट निघाला. पुजाऱ्यानं तो तसाच देवीच्या पायाशी ठेवला.