नव्या शाफ्टाला जुने टॅपेट

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला वेसाव्याच्या बंदरावर कुणाच्या बोटीचं इंजिन कुरकुरलं, की लोक अंधेरीच्या गॅरेजवाल्यांकडे जात नसत. गुणाजी परबला हाक मारत. गुणाजी मूळचा मालवणाकडचा, परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात वीस वर्षं फिटर. संपात गिरणी बसली ती पुन्हा उठलीच नाही, आणि हा गडी पोटासाठी बोटींची इंजिनं खोलू लागला. कोळ्यांना तो पहिल्याच वर्षी आवडला, कारण तो काही म्हणजे काही टाकू द्यायचा नाही.

गिरणीची सवयच होती ती. तिथे जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळत नसे, आणि स्टोअरकीपर तो जुना चष्म्याशी धरून "अजून सहा महिने निघतील" म्हणत परत हातात ठेवायचा. मग ते सहा महिने कसे काढायचे ते फिटरने बघायचं. गुणाजीने अशी कैक वर्षं काढली होती.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून झाकल्या, की त्याचा हंगाम सुरू व्हायचा. खोललेलं इंजिन तो गोणपाटावर मांडायचा. जो पार्ट जिथून निघाला त्याच क्रमाने. पुशरॉड फोटोच्या काचेवर घरंगळवायचा. वाकडा असला की तो काचेवर टकटक करायचा. जुनी आणि नवी स्प्रिंग टोकाला टोक लावून वाइसमध्ये आवळायचा; जी जास्त दबली ती थकली. हे बघायला म्हातारे कोळी विडी ओढत बसत, पैजा लावत. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, डिझेलचा वास, आणि कुणाला कसली घाई नाही. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. "गुणाजी हाय ना, जुनाच चालंल," असं सगळं बंदर म्हणायचं.

कौतुक ही मोठी वाईट गोष्ट. माणूस चुकला, तरी ते त्याला तोंड उघडू देत नाही.

चौऱ्याऐंशीत राजाराम नाखव्याच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट झिजला. हा शाफ्ट फिरतो, त्याच्या अंगावरचे उंचवटे टॅपेटना वर ढकलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. राजारामने बाजारातल्या दुकानातून नवा शाफ्ट आणला. जुने सहा टॅपेट गुणाजीने पुसून बघितले. आरशासारखे चमकत होते. कशाला टाकायचे? त्याने तेच घातले.

महिन्याभरात भर समुद्रात इंजिन बंद पडलं. राजाराम आणि पाच खलाशी दोन रात्री लाटांवर हेलकावत राहिले. मढच्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं, म्हणून वाचले. सगळं बंदर दुकानदारावर तुटून पडलं: बनावट शाफ्ट गळ्यात मारला मेल्याने! राजाराम तर बाजाराला गेला की त्याच्या दारात उभा राहून शिव्या घालून यायचा.

गुणाजीने इंजिन खोललं तेव्हा एक टॅपेट घेऊन त्याच्या तोंडावरून नख फिरवलं. मध्ये खळगा होता. डोळ्यांना न दिसणारा, नखाला लागणारा. जुन्या शाफ्टाबरोबर झिजून तयार झालेल्या त्या तोंडाने नव्या शाफ्टाचे उंचवटे महिन्यात खाऊन टाकले होते. दुकानदाराचा काडीचा दोष नव्हता. गुणाजीला त्या क्षणी कळलं, आणि तो गप्प बसला. गिरणी गेली होती. आता एवढं नावच काय ते त्याच्यापाशी उरलं होतं.

पुढच्या वर्षी महादूच्या बोटीचाही कॅमशाफ्ट झिजला. महादू म्हणजे राजारामचा मेहुणा. त्याची बायको अंजनाबाई ही राजारामची सख्खी बहीण. गोणपाटावर सगळं मांडलेलं. गुणाजीने निवाडा सांगितला: पुशरॉड पाच ठेवायचे, एक टाकायचा, स्प्रिंगा दोन बदलायच्या, रॉकर चांगले आहेत.

"आणि टॅपेट?" महादूने विचारलं. "ते तर झकास दिसतात."

"सहाच्या सहा नवे."

"काय रे, येडा झालास? तूच तर जुने चालवतोस. राजारामचे नाय चालवलेस?"

गुणाजी कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिला. तेवढ्यात अंजनाबाई भाकरी आणि बोंबलाचं कालवण घेऊन आली. तिच्यासमोर बोलणं सोपं नव्हतं, पण महादू आणि त्याचे दोन्ही मुलगे याच बोटीने जाणार होते.

"राजारामचो शाफ्ट बरो होतो," गुणाजी म्हणाला. मनातलं बोलताना त्याला मालवणीच सुचायची. "माझे टॅपेट जुने होते. चूक माझी. वर्षभर माका ठाऊक होता."

अंजनाबाईने ताट खाली ठेवलं.

"जेव आधी," ती म्हणाली. "मंग राजारामला जाऊन सांग. मी नाय सांगणार. तुझी चूक, तुझा तोंड."

गुणाजीने ताटाला हात लावला नाही. तो तसाच उठून गेला. राजाराम ओसरीवर जाळं विणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"वर्षभर मी त्या दुकानदाराला आईबापावरनं शिव्या घातल्या," तो शेवटी म्हणाला. "तू ऐकत व्हतास."

"होय."

"जा."

महादूची बोट नवे टॅपेट घालून पाण्यात गेली आणि हंगामभर एकदाही रुसली नाही. राजाराम मात्र आपलं इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायला लागला. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? गुणाजीचं निम्मं काम सुटलं. रस्त्यात भेटला तर राजाराम मान वळवायचा, आणि गुणाजीला ते रास्तच वाटायचं. दुखायचं, तरी रास्त वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मढहून रामनाथ नावाचा एक अनोळखी नाखवा आला. त्याचाही कॅमशाफ्ट गेला होता.

"मढात मिस्त्री नाहीत?" गुणाजीने विचारलं. "खाडी ओलांडून इकडे कोणी धाडलं तुला?"

"तुमच्या राजाराम नाखव्यानं."

गुणाजीला वाटलं, हा थट्टा करतोय. "राजाराम? माझं नाव घेतलं? काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याच्याकडंच जा. चुकला तर सांगतो तो."