तातेरावांचा बिनकामाचा बोल्ट

मस्तगडला तातेरावांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. तीस वर्षं ते लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करत आले आहेत, आणि चाकांपेक्षा मालकच जास्त वाकडे असतात असं त्यांचं आता पक्कं मत झालं आहे. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याला टायरवरून हात फिरवायला लावतात. कुठं झिजलंय ते ज्याचं त्याला कळू द्यावं, असं कारण सांगतात. खरं तर त्या निमित्तानं ते टायर नाही, हात बघून घेतात.

चाक समोरून पाहिलं तर उभं दिसायला हवं. वरून आत किंवा बाहेर जास्त कललं की टायर एकाच कडेनं झिजतो. खड्ड्यांनी मार खाल्लेल्या छोट्या गाडीचा हा कल सुधारायला बॉनेटखाली एक कॅम्बर प्लेट बसवतात. फिक्स घेतली तर एकदा धरलेला कोन कायमचा. अ‍ॅडजस्टेबल घेतली तर बोल्ट ढिला करून हवा तेव्हा बदला. यातली कुठली बसवायची ते गाडी सांगत नाही, मालकाचे हात सांगतात, हा तातेरावांचा सिद्धांत.

बद्रीनाथांचे हात पाहिले तेव्हाच त्यांना धडकी भरली होती. बद्रीनाथ एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटवर हलकं-भारी बी वेगळं करणारी ग्रॅव्हिटी मशीन चालवतात. त्या मशीनला एक कलता, थरथरणारा टेबल असतो. सोयाबीनला त्याचा कल वेगळा, हरभऱ्याला वेगळा. केसभर चुकला की चांगलं बी कचऱ्यात जातं. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे जगात जे जे फिरतं ते फिरवून बघण्यासाठीच आहे अशी या गृहस्थांची समजूत झाली होती. घरचा कूलर, गॅसचा रेग्युलेटर, शेजाऱ्याची टीव्हीची छत्री, त्यांच्या हातून काही सुटलेलं नव्हतं.

अशा माणसानं अ‍ॅडजस्टेबल प्लेट मागितली. तातेरावांनी समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बसवून दिली. मग बद्रीनाथ रोज सकाळी बॉनेट उघडू लागले. आज डावीकडं जरा जास्त, उद्या उजवीकडं जरा कमी. तीन महिन्यांत एक चाक आत झुकलं, दुसरं बाहेर, आणि गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा बांधाकडं ओढू लागली.

ती गाडी चालवायची त्यांची मुलगी आकांक्षा. जाफराबादजवळच्या शाळेत ती शिकवते. एका सकाळी स्पीडब्रेकरवर टायर फुटला. गाडी हळू होती म्हणून निभावलं. पण घरी बद्रीनाथांनी हुकूम सोडला की गाडी विकायची, उद्यापासून जीपनं जायचं. गाडी त्यांच्या नावावर, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. शेअर जीपमध्ये अकरा जणांत अंग चोरून बसायचं, आणि जीप भरेपर्यंत शाळेची घंटा हुकवायची, हे आकांक्षानं दोन वर्षं भोगलं होतं. पुन्हा ते नको होतं.

ती तातेरावांकडं आली. तिनं टायरवर हात फिरवला आणि सरळच म्हणाली, "काका, फिक्स बसवा. पण लई मनवल्यावर पप्पा म्हणून राह्यले, अ‍ॅडजस्टेबल असंल तरच गाडी ठेवतो. न्हाई तर विकून टाकतो."

तातेराव दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली, जिला त्यांची बायको बेबीनंदा फार भिऊन असते. त्यांनी फिक्स प्लेट बसवली, मशीनवर कोन बराबर धरला, आणि जुन्या प्लेटचा वरचा भाग कापून नव्या प्लेटवर नुसता शोभेला ठेवला. त्यावर एक छानसा बोल्ट, बाजूला एक, दोन, तीन असे आकडे. फिरवला की टक् वाजायचा. खाली काहीही हलायचं नाही. हे गुपित त्यांनी फक्त आकांक्षाला सांगितलं.

बद्रीनाथ खूश झाले. कोरड्या रस्त्याला एक, पावसाला दोन, गाडीत शाळेतल्या बाकीच्या मॅडम असतील तर तीन, असा त्यांनी हिशेबही बसवला. वर्षभर टायर एकसारखे झिजले. आकांक्षा दर महिन्याला येऊन बापाचे नवे शोध सांगायची आणि दोघं पोट धरून हसायचे. तातेराव तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

परवा बद्रीनाथ एकटेच गाडी घेऊन आले. राम राम, जय भीम झालं. मग त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं आणि बोल्टवर बोट ठेवलं.

"तातेराव, सत्तावीस वर्षं टेबलाचा कल धरून राह्यलो. खाली काही हलत न्हाई, हे पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

तातेरावांचा चेहरा पडला. एवढा बेत केला आणि आपणच वर्षभर येडे ठरलो, याचा त्यांना रागही आला.

"मंग रोज फिरवता कशाला, बद्रीभाऊ?"

बद्रीनाथांनी बोल्टवरची धूळ बोटानं पुसली. "आधी ती उठायची न् गाडी काढून जायची. बापाशी बोलायला टाइम न्हाई. आता मी बॉनेट उघडलं की चहाचा कप घेऊन बाजूला येऊन उभी राहती. बापाला उल्लू बनवून राह्यली न, तिला हसू आवरत न्हाई. हसता हसता शाळेतलं सगळं सांगून टाकती. दहा मिनटं थांबती. मला कळलंय हे तिला सांगू नका."

तातेरावांचा मुलगा सुमित पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवून देतो. तातेरावांना बद्रीनाथांचा मनापासून हेवा वाटला.

"काम काय होतं?" त्यांनी विचारलं.

काम तसं किरकोळ होतं. बोल्ट कोरडा पडला होता आणि टक् आवाज नीट येत नव्हता. तातेरावांनी तेलाची बाटली आणली, चार थेंब सोडले, चिंधीनं कडा पुसल्या. मग खाली वाकून, कान लावून, एक, दोन, तीन असा तो फिरवून पाहिला.

"बराबर आहे. कितीवर ठेवू?"

"दोनवर ठेवा," बद्रीनाथ म्हणाले. "उद्या पाऊस सांगितलाय, न् तिला जाफराबादला जायचंय."

तातेरावांनी बोल्ट दोनवर आणला, आणि बरोबर बसलाय ना म्हणून पुन्हा एकदा तपासून पाहिला.