फिटरकाकांचं चेक

पिंपरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आमचे एक फिटरकाका व्हते. डाव्या हाताला तीनच बोटं. हात आत जाऊ नये म्हनून प्रेसम्होरं जाळी असती; ती उघडी असली की प्रेस खाली येता कामा न्हाई, म्हनून ते रोज शिफ्टच्या आधी इचारायचे, "चेक केलं का रं?"

मी बिनशाळेचा, पर इंग्रजी झाडायची लई हौस. एकदा लांबूनच वरडलो, "चेक, काका! एकदम चेक!"

"मंग घाल हात."

माजा हात खिशातनं निघंना.

"तू नुसतं बघितलंस," काका म्हनले. जाळीचे सगळे नट आवळून, ती उघडी ठिवून त्यांनी तोच तीन बोटांचा हात प्रेसखाली धरला. "दाब बटन."

डोळं मिटून दाबलं. प्रेस हलली न्हाई.

"ह्याला चेक म्हनायचं."

त्यांचा हात कोरडा व्हता, माजा घामानं भिजल्याला.