झटका सोसणारी दोरी

"भाई, मोटर खाली सरकली." साजिद विहिरीच्या काठावरून वाकून वरडला.

खाली त्याचा मोठा भाऊ अब्दुल गफ्फार भिंतीत मोटर टेकवाले लोखंडी अँगल बसवून राह्यला होता. त्याच्या डोक्यावर पान्याची मोटर टांगलेली, चार मानसांले उचलत नाही एवढी जड. त्यानं वर पाह्यलं बी नाही.

"गाठ बसली असन. नवी दोरी हाय."

"गाठ तं सकाळीच बसली."

"तू चेनीले हात नको लावू. दोरीले झटका बसन."

मे महिन्याचं ऊन. वलगावात महादेवरावाचं वावर. विहिरीचं पानी खोल गेलं, म्हनून मोटर खाली घ्याची होती. वर लोखंडी तिपाई, तिले चेनपुली, पुलीले पांढरी दोरी अन दोरीले मोटर. दोरी अकोल्याची, बोटाएवढी बारीक, हातात घेतली तं वजनच नाही. दुकानदार म्हने, लोखंडी तारेपेक्षा मजबूत.

गफ्फार कोनाच्या बोलन्यावर भुलनारा नव्हता. त्यानं आधी दोरी ट्रॅक्टरले बांधली, दुसरं टोक बाभळीच्या खुंटाले. "मारा झटके," म्हनला. महादेवरावानं मारले. खुंट उपटून आला, दोरी जशीच्या तशी.

"झालं समाधान?" महादेवराव हासले. "पोरीसाठी जावई पाहतानी बी एवढं पाहत नाही बे कोनी!"

"झटका सोसला नं भाऊ, आता नुसतं टांगनं तं काहीच नाही."

झटक्याचीच त्याले धास्ती. बापाच्या हाताखाली ताग-सनाच्या दोरीनं मोटरी काढत होता, तवा कोनीतरी हिसका मारला, दोरी तुटली, बापाचा पाय गेला. तवापासून गफ्फारचं सारं आस्ते. जेवनं आस्ते, बोलनं आस्ते. त्याची घरवाली अनवरी म्हने, "निकाहच्या दिवशी 'कुबूल' म्हनाले बी यानं एवढा टाइम लावला, का माह्या अब्बाले घाम फुटला." पन मोर्शीपासून चांदूर रेल्वेपर्यंत लोक त्यालेच बलावत. त्याच्या हातून मोटर कधी पडली नाही.

साजिदची नजर मोटरीवर. मघाशी तिच्या बुडाखाली भिंतीतला पांढरा दगड दिसे. आता तो दगड मोटरीच्या आड गेला होता. दोरीले कोनाचा हात नाही, हवा नाही, काही नाही.

"भाई, आनखी सरकली! वर ये तू!"

"हा नट कसू दे."

"नट गेला खड्ड्यात! भाऊ, तुमी तं सांगा याले!"

महादेवराव आंब्याखालून उठले. "ट्रॅक्टरनं नाही तुटली ते आता काय..." म्हनत काठावर आले, वाकून पाह्यलं अन तसेच थांबले. हासू गेलं त्यायचं. "गफ्फार, ये बाबा वर. राहू दे तो नट."

"येतो नं. घाई काहून करून राह्यले?" त्यानं पाना थैलीत टाकला. हात पुसले. भिंतीतल्या पायरीवर एक पाय ठेवला.

तवाच दोरी तुटली. आवाज बी मोठा झाला नाही, जुनं लुगडं फाटावं तेवढाच. मंग मोटर पडल्याचा झाला.

गफ्फारच्या मातीनंतर तिसऱ्या दिवसाचा तीजा झाल्यावर साजिद तुटलेलं टोक घेऊन अकोल्याले गेला. दुकानदारानं ते उन्हात धरून पाह्यलं. "कितीक वेळ टांगली होती?"

"सकाळपासून."

"झटक्यात ही उलट जास्तच धरते, दादा. पन जड वजन तसंच टांगून ठेवलं, वरून असं ऊन, तं धागा आतल्या आत लांबत जाते. लांबता लांबता सुटते."

"मंग विकतानी काहून नाही सांगितलं?"

दुकानदार वही चाळाले लागला. साजिदले त्याची गचांडी धराची होती. धरली नाही. टोक तिथंच गल्ल्यावर टाकून आला.

पुढं चांदूर रेल्वेहून एका शेतकऱ्याचा फोन आला. मोटर काढाची होती. साजिद लोखंडी साखळी घेऊन गेला. मोटर अर्ध्यात आली, तसा मालक चहा घेऊन आला.

"राहू दे तिले तशीच. चहा पिऊन घे आधी."

"नाही. आधी वर घेतो."

"थंडा होते ना रे! गफ्फारभाई असा नव्हता बाप्पा. मोटर टांगलेली ठेवे, आरामात बसे, दोन कप पिये. तो काहून नाही आला?"

साजिद चेन ओढत राह्यला. मोटर काठाच्या वर आली, त्यानं ती बाजूले घेतली, मातीवर टेकवली, साखळी ढिल्ली केली. मंग मालकाच्या हातचा कप घेतला.

"भाई नाही राह्यले," म्हनला.