रिकामं भांडं परत न्यायचं नाही

जर्मनीत कोलोनजवळच्या एका गावात राहून मी डॉक्टरेट करत होतो, तेव्हाची गोष्ट. घरमालकीण विधवा होती. एकुलता एक मुलगा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या गोळीने गेलेला, त्यामुळे इंग्रजांचं नाव निघालं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. रेडिओवर तेव्हा रोज एकच काथ्याकूट: युरोपातल्या सहा देशांच्या सामायिक बाजारात इंग्लंडला घ्यायचं की नाही. "बाजारात नकोत, रशियाविरुद्ध पहाऱ्याला मात्र हवेत," असं म्हणून बाई रेडिओ बंद करायच्या.

त्या सप्टेंबरात मित्रसैन्याचा सराव लागला आणि एक इंग्रज ट्रक नेमका आमच्या दारासमोर येऊन थांबला. त्यात एकच शिपाई, तोही पावसात भिजलेला. दोन दिवस बाईंनी खिडकीचा पडदा सरकवला नाही. तिसऱ्या दिवशी एनॅमलच्या भांड्यात प्लमचा केक घालून त्यांनी माझ्या हाती दिला. शिपायाला नेऊन दे म्हणाल्या; मला इंग्रजी येतं, एवढंच कारण सांगितलं.

शिपायाने केक खाल्ला, भांडं लख्ख धुतलं आणि आभार मानून परत दिलं. रिकामं. माझा पाय जिन्यातच अडला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने माझ्या अंगी भिनवलेलं. आणि हे भांडं पाठवताना बाईंच्या किती जिवावर आलं होतं, ते मी बघितलं होतं. गाढवपणा म्हणा हवं तर, पण मी खोलीत गेलो, आईने वेलदोडे कुटून पाठवलेली चहापूड त्यात ओंजळभर ओतली आणि शिपायाने दिली म्हणून बाईंना ठोकून दिलं.

बाईंनी भांडं घेतलं. मग त्यांनी तोच चहा केला, कपाटातून मुलाचा कप काढला आणि स्वतः खाली घेऊन गेल्या. आता आपलं पितळ उघडं पडणार म्हणून मी खिडकीत धास्तावून उभा. शिपायाने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी कप घेतला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून मी वाचलो.

दोन वर्षांनी मी भारतात परत निघालो. सामान खाली आणल्यावर बाई म्हणाल्या, "तर मग, त्या चहाला वेलदोड्याचा वास होता. तुमच्या खोलीतून रोज सकाळी येतो तोच."

मी ओशाळलो. मग तुम्ही खाली का गेलात, असं विचारलं.

"माझा मुलगाही परक्या मुलखात होता. त्याच्यासाठीही कुणीतरी असं खोटं बोललं असेल, असं वाटलं."

मी वाकून त्यांना नमस्कार केला.