दीड हात कमी पडलेली वायर

भिंत मोजताना मी दाराची चौकट धरलीच नाही. मोजपट्टी सरळ हवेतून नेली. वायर मात्र हवेतून जात नाही, ती चौकटीवर चढते, उतरते... त्यामुळे आईच्या खोलीतल्या नव्या सॉकेटपासून क्लिपा ठोकत ठोकत मी मोठ्या ऐटीत हॉलपर्यंत आलो, तेव्हा वायरीचं टोक फोनच्या मेन डबीच्या दीड हात अलीकडे लोंबकळत राहिलं. आणि मी नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतो! सर्किट पूर्ण असल्याशिवाय वीज वाहत नाही, हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझे केस पांढरे झालेत.

हे मुद्दाम आधी सांगतोय. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून ‘पित्त झालं असेल’ असं म्हणत पान उलटणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा आता मला हसायची पाळी तुमची, मी काही बोलणार नाही.

आम्ही श्रीगोंद्यात राहतो. घरात फोन आणि ब्रॉडबँडची मिळून एकच लाईन, ती हॉलमध्ये. बायकोला – सुनीताला – वरच्या खोलीत शिवणाचे व्हिडिओ बघायला नेट हवं होतं, आणि आईला पलंगाशेजारी फोन. आईला मोबाईल जमत नाही. “काच पुसल्यावानी किती येळ करायचं?” म्हणते. तिला ऐकू कमी येतं, चालणं त्याहून कमी. आणि तिचं एकच व्यसन, धाकट्या बहिणीशी, शेवंता मावशीशी बोलणं. मावशी कर्जत तालुक्यात, शेतातल्या वस्तीवर. तिचा मुलगा नि सून ऊसतोडीला सांगलीकडे गेले, की चार-पाच महिने मावशी, दोन शेळ्या आणि बटणांचा एक मोबाईल एवढंच घर उरतं. तिचा फोन यायचा, आई भिंत धरत हॉलपर्यंत पोचायची, तोवर रिंग थांबायची. मग दिवसभर आईची कुरकुर.

म्हणून त्या रविवारी दोन जादा सॉकेट बसवायला मी स्वतःच पक्कड हातात घेतली. बाहेरून येणारी लाईनसुद्धा मेन डबीतून सोडवून ठेवली, म्हणजे सकाळपासून घरात ना फोन ना नेट. सुनीता दोनदा येऊन म्हणून गेली, “अहो, होतं ते तरी परत लावून द्या!” आईच्या सॉकेटला जुना, मोठ्या घंटेचा फोन तेवढा जोडला – शोभेला! – आणि जेवण करून कमी पडलेली वायर आणायला बाजारात गेलो.

तीनच्या सुमारास परत आलो. वायरीचं भेंडोळं काखेत, दारात चप्पल काढतोय, तर आईच्या खोलीतून मोठ्यानं बोलणं. आई फोनवर नेहमी तशीच बोलते, फोन नसला तरी कर्जतला ऐकू जाईल अशी.

“व्हय... व्हय... रडू नको गं. थांब, पाठविते त्याला.”

आत गेलो. आईच्या कानाला रिसीव्हर. मी वळून हॉलमध्ये बघितलं. वायरीचं टोक तसंच लोंबकळत होतं.

खरं सांगतो, भूतबीत काही डोक्यात आलं नाही. आई भ्रमिष्ट व्हायला लागली, असं वाटलं.

“बाळू, शेवंती पडलीय,” तिनं रिसीव्हर ठेवला. “कडब्याच्या गंजीमागं. पाय हालंना म्हनती. शेरडांला सकाळधरनं पानी न्हाई. निघ.”

“आई, अगं फोन जोडलेला नाही. ही बघ वायर, माझ्या काखेत आहे!”

“घाल ती चुलीत. तिचा आवाज मला कळंना व्हय? तिला मांडीवर घिऊन वाढवलीय मी.”

मी रिसीव्हर कानाला लावला. काही नाही. टोन नाही, खरखर नाही. वीट कानाला लावावी तसं.

तेवढ्यात सुनीता जिन्यावरून डोकावली. “वाजला ना आत्ता? म्हटलं, जोडलं यांनी एकदाचं.”

मी मोबाईलवरून मावशीला चारदा लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाचा नंबर होता. तो म्हणाला, “मी बाजाराला आलोय, गुरुजी. काल तर झ्याक हुत्या की मावशी.”

“जाऊन या,” सुनीता म्हणाली. “काही नसलं तर चहा पिऊन या. हसायला आम्ही आहोतच.”

उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी दामटत दीड तासात पोचलो. वस्तीवर सामसूम. दार सताड उघडं, घरात कुणी नाही. फळीवर मावशीचा मोबाईल – माझे चार मिस्ड कॉल तसेच. एरवी ‘गेली असेल शेतात’ म्हणून मी ओट्यावर बसून राहिलो असतो. पण शेळ्या ओरडत होत्या, कोरड्या बादलीत तोंड घालत होत्या... मी सरळ गंजीमागे गेलो.

मावशी तिथं होती. भिंत आणि कडबा यांच्या सांदीत, एका कुशीवर. ओठ सुकलेले. मला बघून आधी काय म्हणाली?

“शेरडांला पाजलंस का?”

तिला पाणी दिलं, अँब्युलन्सला फोन केला, मग विचारलं, “मावशी, फोन कुणाकडून केलास?”

“फोन कुठला, बाबा? पडल्या जागी अक्काशी बोलत हुते मी. मानूस बोलतंच की येकटं.” आणखी एक घोट घेऊन म्हणाली, “पर ती बोलली. ‘थांब, पाठविते त्याला’ म्हनली. म्हून मंग वरडायचं सोडलं मी.”

ते शब्द मी स्वतः दारात उभं राहून ऐकले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता मावशी वॉकर घेऊन चालते. थंडीचे दिवस, रात्र तिथंच निघाली असती तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

ओळखीच्या लाईनमनला सगळं विचारलं. तो म्हणाला, वायरी शेजारून गेल्या की कधी दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. “पण गुरुजी, त्याला पलीकडच्यानं फोन तर उचलायला पाहिजे ना?” आईला विचारलं, तर ती माझ्याकडेच असं बघते, जणू नापास मी झालोय. यामागचं कारण शोधणंही आता जरा जिवावर येतं.

पुढच्या रविवारी मेन लाईन लावली, वरच्या खोलीचं सॉकेट लावलं, नेट सुरू झालं. आईच्या सॉकेटचं टोक जोडायला म्हणून पक्कड घेऊन स्टुलावर चढलो, तर सुनीतानं खालून स्टूल धरलं आणि हळूच म्हणाली, “तेवढं राहू द्या. तुम्ही जोडलंत, की बंद पडेल.”