दोन बारांमधली फुंकर

बाबा नेमबाजीला अजून जुनीच रायफल वापरतात, बंदुकीची काळी दारू भरलेल्या काडतुसांची. प्रत्येक बारानंतर तिच्या नळीत काजळी धरते आणि उन्हात ती वाळून कडक होते. म्हणून बाबा मागच्या बाजूने फुंकणी लावून तीन लांब फुंकरा घालतात. श्वासाच्या ओलीने काजळी मऊ पडते आणि पुढची गोळी सरळ जाते.

रविवारी क्लबच्या सामन्यात शेवटचा बार उरला होता आणि हातात जेमतेम दीड मिनिट. वारा कोरडा ठणठणीत. आधीची गोळी घाईत, एकाच फुंकरीवर मारलेली, डावीकडे भरकटली होती. आता दुसऱ्याच फुंकरीला बाबांना खोकल्याची उबळ आली. मी मागे मुठी आवळून उभी.

"बाबा, वेळ संपतोय, मारा ना!"

"तशीच मारली तर ही पण जाईल गं."

गोळी निघून जाते, काजळी मागे राहते. पुढचीला त्यातूनच वाट काढावी लागते. सकाळी गाडीत मी म्हणाले होते, "हे काय नेमबाजीचं वय आहे का तुमचं?" त्यावर मी आणखी बोलले. मग आणखी. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

खोकला थांबेना. बाबांनी फुंकणी माझ्यापुढे धरली. जळक्या गंधकाची कडवट चव ओठांना लागली. घड्याळाकडे न बघता मी फुंकत राहिले.

"बास," बाबा हळूच म्हणाले. "आता मऊ पडली असेल."